तोमोसे बेटाची दहा मतं

तोकुजी मासुनागा यांना भाषण करता येत नसे. वीस वर्षं मिनाहामाच्या नगरसभेत बसूनही आलं नाही. उभे राहिले की दोन्ही हात पँटच्या शिवणीला चिकटवायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचं असेल ते बोटीच्या वेळापत्रकासारखं सांगून खाली बसायचे. "सकाळची सातची बोट भरलेली असते. दुपारची अर्धी. संध्याकाळची साडेपाचची चुकली तर माणूस पलीकडे अडकतो. म्हणून तिन्ही हव्यात. एवढंच." दर मार्चच्या अधिवेशनात हेच. त्यांची वीस वर्षांची भाषणं काढली तर चार पानांत मावतील, आणि चारही पानांवर बोटच असेल.

आमचं तोमोसे बेट मिनाहामाच्या धक्क्यापासून पस्तीस मिनिटांवर आहे. सगळी नगरपालिका पलीकडच्या किनाऱ्यावर, आम्ही तेवढे अलीकडे. तोकुजींचा जन्म बेटावरचा. अठराव्या वर्षी ते तोमोसे-मारू बोटीवर दोर सांभाळायला लागले, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं दोर फेकणं, झेलणं, खुंटाला अडकवणं हेच त्यांनी केलं. त्यांच्या तळव्यांना मधोमध एक आडवी गुळगुळीत रेघ पडली होती. लहानपणी आम्ही मुलं त्या रेघेवरून बोट फिरवून बघायचो.

ते राजकारणात आले कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. बेटाचे आधीचे सभासद वारले आणि समाजगृहात बैठक बसली. तीन तास कुणी तोंड उघडलं नाही. चहा तीनदा झाला. शेवटी बोटीचे कप्तान गेंगो म्हणाले, "तोकुला उभा करा. त्याला बोलता येत नाही, म्हणजे खोटंही बोलता येणार नाही."

लोक हसले आणि ठरून गेलं. नगरपालिकेचा नोकर सभासद होऊ शकत नाही, म्हणून बोटीवरची नोकरी सुटली. त्यांच्या बायकोने, फुसाए-सानने, दोन दिवस चूल पेटवली नाही. "मला डोक्यावर टोपली देऊन मासळी विकायला धाडलं असतं तरी चाललं असतं," ती माझ्या आईला म्हणाली होती. "हे भेटेल त्याच्यापुढे कंबरेत वाकणं नको होतं." तोकुजींनी एक काळा सूट घेतला. लग्नाला तोच, मयताला तोच, अधिवेशनाला तोच, फक्त टाय बदलायचा.

नोकरी सुटली तरी ते रोज सकाळी सातला धक्क्यावर असत. बोटीवरचा नवा माणूस दोर फेकायचा आणि तो हमखास तोकुजींच्या हातात पडायचा. सभासदाला आमच्याकडे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात.

"सेन्सेई, राहू द्या हो. आमचं काम आहे ते."

"मग नीट फेकायला शिक. मी उभा राहीन हे गृहीत धरून फेकतोस तू."

मी त्याच बोटीने पलीकडच्या बालवाडीत शिकवायला जात असे, म्हणून हे संवाद मला पाठ होते. निवडणुका आल्या की प्रचाराच्या गाडीत कर्ण्यावर बोलायला मी बसायची. पोस्टमास्तरांची मुलगी, आवाज बरा, फुकट मिळणारी. पांढरे हातमोजे घालायचे, खिडकीतून हात हलवायचा आणि पाच दिवस एकच नाव घ्यायचं: मासुनागा, मासुनागा तोकुजी, तोमोसेचे मासुनागा.

या वेळची निवडणूक मात्र वेगळी होती. सहा वर्षांपासून नगरसभेत एक प्रस्ताव पुन्हा पुन्हा येत होता, की बोट रोज नको, मंगळवारी आणि शुक्रवारी पुरे. बेटावर मतदार उरले होते एकशे अठरा. एवढ्यांसाठी दिवसातून तीन फेऱ्या कशाला, असं पलीकडचे लोक म्हणत, आणि त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही म्हटलं असतं. पण बोट रोज नसेल तर नोकरीला जाणाऱ्याने राहायचं कुठे? शाळेच्या चार मुलांनी काय करायचं? गेंगो आता एकोणऐंशीचे होते. आठवड्यातून तीनदा पलीकडच्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस होतं. त्यांचं गणित सोपं होतं. "दोन दिवस बोट म्हणजे दोनदा रक्त धुणार. तिसऱ्या वेळचं समुद्रात धुऊ का?"

नगरसभेत दहा जागा. अध्यक्ष मत देत नाहीत, म्हणजे हात नऊ. आजवर बोटीच्या बाजूने पाच वर जात, विरोधात चार. त्या पाचांतला एक हात तोकुजींचा. दुसरा होता कुरामोतो नावाच्या सभासदांचा, जे पलीकडच्या मधल्या बाजारपेठेतले. त्यांच्या मतदारांना बोटीचं काही पडलेलं नव्हतं, उलट तो पैसा रस्त्यावर हवा होता. तरी सहा वर्षांपूर्वी त्यांनी हात वर केला आणि पुढच्या प्रत्येक वेळी केला. त्यासाठी घरच्या गल्लीत शिव्या खाल्ल्या. ते डिसेंबरमध्ये गेले. एप्रिलच्या निवडणुकीला त्यांची बायको चिझुरु उभी राहिली.

दहा जागांना अकरा उमेदवार होते. पडणार एकच. अकरावा होता ओगिहारा, ओसाकाहून परत आलेला तरुण, हसतमुख, हुशार. त्याच्या पत्रकावर पहिल्याच ओळीत बोटीच्या फेऱ्या कमी करण्याचं आश्वासन होतं.

गुरुवारी दुपारच्या बोटीने चिझुरु-सान बेटावर आल्या. घरोघर जाऊन मत मागायला कायद्याने बंदी आहे. म्हणून त्या धक्क्यावरच उभ्या राहिल्या, खांद्यावर नावाचा पट्टा, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला कंबरेतून वाकत राहिल्या. पट्टा नवऱ्यासाठी शिवलेला असावा, त्यांच्या गुडघ्यापर्यंत येत होता. तोकुजी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्या धक्क्याच्या ओल्या सिमेंटवर एकदम गुडघे टेकून बसल्या आणि कपाळ खाली लावलं.

"तोकुजी-सान, मी पडणार आहे. बाजारातले लोक म्हणतात, बोटवाल्याच्या बायकोला मत नाही. तुम्ही सुरक्षित आहात. मला थोडी द्या."

"आधी उठा. गुडघे भिजले तुमचे."

"थोडीच."

"उठा म्हणतो ना!" आवाज चढलेला मी त्यांचा तेवढाच ऐकला.

बोट निघाल्यावर कडेला खायचं समुद्री शेवाळ वाळवत बसलेल्या बायका बोलू लागल्या. "नवऱ्याची राखही थंड झाली नसेल." "त्याने आपल्यासाठी किती ऐकून घेतलं." आणि मग कुणीतरी ते वाक्य म्हणालं, जे निवडणुकीत उमेदवाराच्या कानावर पडू नये अशी प्रत्येक कार्यकर्ता प्रार्थना करतो: "आपल्या तोकु-सानचं काय, ते तर येणारच."

शुक्रवारी सूर्य मावळायच्या सुमारास समाजगृहात बैठक झाली. चहा आणि तांदळाची कडक बिस्किटं, त्यापलीकडे काही देता येत नाही. गेंगो त्यावरूनही कुरकुरले. "दात असताना निवडणुकीत दारू होती. आता दात नाहीत तर बिस्किटं."

तोकुजी उभे राहिले. हात पँटच्या शिवणीला.

"मागच्या वेळी बेटाची आणि बेट सोडून पलीकडे गेलेल्यांची मिळून मला दोनशे साठ मतं होती. या वेळी लोक कमी झालेत, तरी दोनशेच्या खाली जाणार नाही. कुरामोतो-सानच्या बायकोला दहा कमी पडतायत असं मला वाटतं. तिचा हात आणि माझा हात, दोन्ही लागतात. एक हात उपयोगाचा नाही. बेटाने तिला दहा मतं द्यावीत. एवढंच."

मग गेंगो म्हणाले, "ठीक. कुठली दहा?"

"म्हणजे?"

"अरे, पूर्वी मुखिया घरं सांगायचा. वरच्या आळीतून चार, देवळामागून तीन. मग तेवढीच जायची, ना एक कमी ना एक जास्त. तसं सांग."

तोकुजींनी मान हलवली. "तो काळ गेला, कप्तान. मत ज्याचं त्याचं. मी कुणाकडे बोट दाखवणार नाही. ज्याला जमेल त्याने द्यावं."

"मग हात वर करा रे, जे देणार आहेत ते."

एकही हात वर झाला नाही. कसा होणार? हात वर करायचा म्हणजे ज्याने वीस वर्षं आपला दोर झेलला त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं, की मी तुला मत देणार नाही. माझी नजर मांडीवरच्या हातमोज्यांवर होती. शेजारची बाई चहाच्या पेल्यात बघत होती. तोकुजी संकोचून म्हणाले, "राहू द्या. समजून घेतील सगळे," आणि आम्ही आपापल्या वाटेने घरी गेलो.

रविवारी बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत मतदान होतं. आमच्याकडे मतपत्रिका कोरी असते, आपल्या हाताने नाव लिहायचं. लाकडी आडोशामागे उभी राहून मी पेन्सिल उचलली आणि विचार केला, की त्या दिवशी कुणी हात वर केला नाही, म्हणजे कुणीच देणार नाही. सगळ्यांना तोकु-सानची भीड. पण कुणीतरी द्यायला हवं, त्यांनी स्वतः मागितलंय. पाच दिवस त्यांचं नाव ओरडणाऱ्या मुलीवर तरी कुणी संशय घेणार नाही. मी कुरामोतो चिझुरु असं लिहिलं, सावकाश, चांगल्या अक्षरात. बाहेर आले तेव्हा मला आपण फार थोर काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

बेटावरचं मतदान चारला संपलं आणि पेटी संध्याकाळच्या बोटीने पलीकडे निघाली. दोन कारकून तिच्या दोन्ही बाजूंना बाकावर बसले होते, जणू म्हाताऱ्या बाईला दवाखान्यात नेत आहेत. तोकुजी सवयीने दोर सोडायला पुढे झाले.

"सेन्सेई, आज तरी लांब उभे राहा. आमची नोकरी जाईल."

"पेटीला हात लावत नाही रे. दोराला लावतोय."

मोजणी सोमवारी सकाळी पलीकडच्या व्यायामशाळेत झाली. अकराच्या सुमारास निकालाचा कागद लागला. आम्ही बेटावरचे तीसेक जण होतो. मी खालून वाचायला सुरुवात केली नव्हती, वरून केली होती, आणि नावं संपत आली तरी ते नाव येईना. कुरामोतो चिझुरु, दोनशे तेरा. मग दोघं जण. मग दहावा ओगिहारा, एकशे ऐंशी. त्याखाली एक रेघ. रेघेखाली मासुनागा तोकुजी, एकशे शहात्तर.

चिझुरु-सान भिंतीला टेकून उभ्या होत्या. आकडा बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण आनंदाने नाही. त्यांनाही गणित येत होतं.

तोकुजी आमच्यासमोर आले, टाचा जुळवल्या आणि वाकले. खूप वेळ वाकलेले राहिले. "माझीच पुण्याई कमी पडली," ते म्हणाले. पडलेला उमेदवार हेच म्हणतो, तो रिवाज आहे. पण माझ्या मागे उभी असलेली फुसाए-सान दातांतल्या दातांत पुटपुटली, "गप्प बसा. गप्प बसा हो."

परतीच्या बोटीत कुणी कुणाशेजारी बसलं नाही. एका बाकावर एक. गेंगोंनी काचेवर श्वास सोडला आणि बोटाने आकडे लिहिले. दोनशे तेरातून पंचवीस गेले, एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे शहात्तरात पंचवीस आले, दोनशे एक. दोन्ही आकडे ओगिहाराच्या वर.

"पस्तीस गेली," ते म्हणाले. "बाजारात तिला एकशे अठ्ठ्याहत्तरच्या वर जागाच नव्हती. बाकीची पस्तीस आपली. याने मागितली दहा, पंचवीस जास्त गेली. दहाच दिली असती तर दोघंही आले असते, आणि तो पोरगा पडला असता." काचेवरून पाण्याचे ओघळ उतरले आणि आकडे बिघडले. "बरोबर होता रे तोकुचा हिशेब. अगदी बरोबर होता."

कुणी मान वर केली नाही. पस्तीसांपैकी निदान वीस जण त्या बोटीत असतील. प्रत्येकाला वाटलं होतं, इतर कुणी देणार नाही.

मंगळवारी पहाटे फुसाए-सानने दार उघडलं तेव्हा पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मुळे, मोठी आंबटगोड संत्री, वर्तमानपत्रात बांधलेली सुकी मासळी, झाकणाच्या डब्यात शिजवलेलं शेवाळ, एका ताटलीत सोललेले बांबूचे कोंब. कशावरही नाव नाही. मी कुंपणापाशी उभी होते. हातात आईने केलेल्या लोणच्याचा डबा होता, तो ठेवायला जागा शोधत होते.

"तू तरी समोरून आलीस," फुसाए-सान म्हणाली. मग पायरीकडे बघून तिने आत हाक दिली, "अहो, मोजू का?"

"नको," आतून आवाज आला. "आत घे फक्त. उन्हात खराब होईल."

निकालानंतर उमेदवाराने घरोघर जाऊन आभार मानायलाही कायद्याने मनाई आहे, जिंकलेल्यालाही आणि पडलेल्यालाही. त्यामुळे तोकुजींना कुणाकडे जाऊन 'जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका' असं म्हणता आलं नाही. खरं तर बेटावर कोण बघणार होतं? पण ते तसे नव्हते. आणि आमच्यातल्या कुणाला त्यांच्याकडे जाऊन 'मी दिलं' असं सांगता आलं नाही. मे गेला, जून गेला. धक्क्यावर ते दिसले की लोक दोराकडे बघून बोलायचे.

सप्टेंबरच्या अधिवेशनात प्रस्ताव आला. तोकुजी काळा सूट घालून प्रेक्षकांच्या खुर्चीत बसले. मी बालवाडीतून सुट्टी काढून गेले होते. चिझुरु-साननी हात वर केला, अगदी ताठ. बाजूने चार. विरोधात पाच. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. तोकुजींनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, प्रेक्षकाने हात वर करायचा नसतो म्हणून.

ऑक्टोबरपासून बोट मंगळवारी आणि शुक्रवारी. शाळेची चार मुलं आईबापांसकट पलीकडे गेली. मी भाड्याची खोली घेतली. सप्टेंबरच्या शेवटच्या सकाळी सातच्या बोटीने गेंगो गेले, एक बॅग आणि एक घडी केलेली गादी घेऊन, दवाखान्याजवळच्या वृद्धांच्या घरात. चाळीस वर्षं जी बोट चालवली तिच्यात ते प्रवासी म्हणून खिडकीशी बसले. तोकुजी दोर धरून उभे होते. सोडत नव्हते.

"तोकु, सोड. उशीर होतोय."

"कप्तान, मी घरं सांगायला हवी होती."

"हो. सांगायला हवी होती." गेंगोंनी टोपी नीट केली. "पण तू सांगितली असतीस तर मग तुला मत कशाला दिलं असतं आम्ही? सोड आता."

त्यांनी दोर सोडला.

नोव्हेंबरमध्ये एका शुक्रवारी मी घरी आले होते. फुसाए-सानच्या ओसरीवर आम्ही दोघी वाळवायची पर्सिमनं सोलत बसलो होतो. बेटावर त्या आठवड्यात सत्तावन्न माणसं उरली होती. तोकुजी थोड्या अंतरावर बसून सोललेली फळं दोरीला बांधत होते. गाठी मात्र बोटीच्या होत्या, फळांच्या मानाने फार जाड.

फुसाए-सान मान वर न करता म्हणाली, "इतके दिवस विचारलं नाही. तुम्ही कुणाचं नाव लिहिलंत?"

मी उठायला लागले, तर तिने सुरीच्या इशाऱ्यानेच मला बसवलं.

तोकुजींनी गाठ पुरी केली. "दहा मतं मी मागितली. मग पहिलं माझंच नको का?"

सालाची लांब फीत फुसाए-सानच्या मांडीवर पडली.

"मला वाटलं, तुम्ही स्वतःला देणार," ती म्हणाली. "म्हणून घरातलं एक मी तिला दिलं."

त्यांनी पुढची गाठ घातली. मीही सांगायला हवं होतं, माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, आणि मी पुढचं फळ उचललं.

"चारने पडलो," तोकुजी म्हणाले. त्यांनी आमच्या दोघींकडे बघितलं, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ. "तीन तर इथेच आहेत."

मग ते उठले, माळ खांद्यावर टाकली आणि वळचणीला टांगायला गेले. खिळा उंच होता. मी शिडी धरायला धावले, तर ते म्हणाले, "राहू दे गं, मिहो. तुझी बोट चुकेल. पुढची मंगळवारी."